'एक्झुमा': वरची शवपेटी आणि खालची शवपेटी

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि भुताच्या सिनेमाबद्दल आहे. पण अर्ध्यावर आलात की कळेल, ती इतिहासाबद्दल आणि राजकारणाबद्दलही आहे. सिनेमा पाहिला नसेल आणि पाहायचा असेल तर आधी पाहून या. इथे शेवटापर्यंतची सगळी गोष्ट येणार आहे, मग म्हणू नका सांगितलं नाही.

'एक्झुमा' हा दक्षिण कोरियाचा सिनेमा. मूळ नाव 'पाम्यो', म्हणजे थडगं उकरणं. दिग्दर्शक जांग जे-ह्यन. बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला आणि २२ फेब्रुवारी २०२४ ला कोरियातल्या थिएटरांत लागला. २४ मार्चला, म्हणजे जेमतेम महिन्याभरात, त्याने एक कोटी प्रेक्षकांचा आकडा ओलांडला. शेवटी तो एक कोटी एकोणीस लाखांच्या आसपास जाऊन थांबला. अख्ख्या देशाची लोकसंख्या सव्वापाच कोटींच्याही आत. म्हणजे सरासरी काढली तर दर चार-साडेचार माणसांमागे एक तिकीट! मांत्रिक-भुताटकीच्या कोरियन सिनेमाला एवढी गर्दी त्याआधी कधी झाली नव्हती.

एवढ्या लोकांनी पाहिला म्हणजे एवढ्यांची मतंही आली. आणि ती मतं सिनेमापेक्षा कमी रंजक नाहीत.

आधी गोष्ट थोडक्यात. अमेरिकेत लॉस एंजेलिसला राहणारं एक गडगंज कोरियन कुटुंब. नुकतंच जन्मलेलं बाळ रडायचं थांबत नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. घरातल्या प्रत्येक थोरल्या मुलाला काही ना काही त्रास. मग बोलावणं जातं ह्वा-रिमला. ती 'मुदांग', म्हणजे अंगात येणारी, देवाशी आणि मेलेल्यांशी बोलणारी बाई. तरुण आहे, ब्रँडेड कपडे घालते, फी रोखठोक ठरवते. ती सांगते की आजोबा थडग्यात स्वस्थ नाहीत. थडगं हलवायला हवं. मग त्या कामासाठी म्हातारा किम सांग-दॉक येतो. तो जमीन 'पाहणारा', पुंगसू जाणणारा. पुंगसू म्हणजे आपण ज्याला फेंगशुई म्हणून ओळखतो त्याचा कोरियन प्रकार. सोबत अंत्यविधीची कामं करणारा यंग-गन आणि ह्वा-रिमचा चेला बाँग-गिल. असे चौघे.

आपल्याकडच्या माणसाला हे सगळं समजायला फार कष्ट पडत नाहीत. पूर्वज अतृप्त आहेत म्हणून पोराला त्रास, हे वाक्य कोरियन आहे की मराठी? त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीसाठी जाणाऱ्यांना विचारा. कोकणातल्या माणसाला तर जमिनीला कुणीतरी राखणदार असतो हे सांगावंच लागत नाही. ढोलाच्या तालावर सुरी घेऊन नाचणाऱ्या ह्वा-रिमचा प्रसंग पाहताना संबळ आणि गोंधळ आठवला नाही असा मराठी प्रेक्षक विरळा.

आता मतांकडे येऊ. मोटामोटी तीन तक्रारी आहेत.

पहिली तक्रार सगळ्यात गाजली. सिनेमा लागण्याच्या तीन आठवडे आधी, १ फेब्रुवारीला, कोरियात एक माहितीपट लागला होता. इंग्रजी नाव 'द बर्थ ऑफ कोरिया'. दक्षिण कोरियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांची बाजू मांडणारा. माहितीपट असूनही अकरा लाखांवर लोकांनी पाहिला, उजव्या विचारांच्या मंडळींनी डोक्यावर घेतला. त्याचे दिग्दर्शक किम दॉक-यंग यांनी फेसबुकवर लिहिलं की डावे लोक आता जपानद्वेष चेतवणाऱ्या 'एक्झुमा'कडे धावताहेत. झालं! दोन तट पडले. एका बाजूचे लोक जपानविरोधी प्रचार म्हणून नाकं मुरडू लागले, दुसऱ्या बाजूचे देशप्रेमी सिनेमा म्हणून दुसऱ्यांदा तिकीट काढू लागले.

दुसरी तक्रार निव्वळ भीतीच्या शौकिनांची. पहिला अर्धा भाग अंगावर काटा आणतो, कारण भूत नीट दिसतच नाही. आरशात, काचेत, सावलीत असल्यासारखं वाटतं. दुसऱ्या भागात मात्र जपानी योद्ध्याचा आडदांड राक्षस चक्क चालत-बोलत समोर उभा राहतो. मग भीती जाते आणि मारामारी उरते. हे म्हणणारे लोक कोरियातही आहेत, आपल्याकडेही आहेत. दोन वेगळे सिनेमे जोडलेत असं त्यांचं म्हणणं.

तिसरी तक्रार आपल्याकडच्या विवेकवादी मित्रांची. आजारी बाळ विधीने बरं होतं असं दाखवणं म्हणजे भोंदूगिरीला खतपाणी नाही का?

तिसरीचं उत्तर आधी देतो, कारण ते सोपं आहे. काळजी रास्त आहे. ज्या राज्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला आणि त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा येऊ शकला, तिथे ही काळजी कुणी हसण्यावारी नेऊ नये. पण भुताच्या गोष्टीत भूत खरंच असतं, हा गोष्टीचा नियम आहे, आरोग्याचा सल्ला नव्हे. सिनेमा पाहून कुणी पोराला दवाखान्याऐवजी भगताकडे नेणार असेल, तर तो सिनेमा नसता तरी नेणार होता. त्याच्या गावात दवाखाना आहे का, तिथे डॉक्टर असतो का, हा प्रश्न जास्त मोठा.

पहिल्या दोन तक्रारींचं उत्तर मात्र एकत्रच द्यावं लागतं. आणि ते सिनेमाच्या रचनेतच आहे.

थडगं उकरतात तेव्हा काय निघतं, ते पाहा. कोरियाच्या उत्तर सीमेजवळच्या डोंगरावर, अगदी अपशकुनी जागी, एक बेवारस दिसणारं थडगं. दगडावर नाव नाही, नुसते आकडे. शवपेटी मात्र राजेशाही. कुटुंबाची अट अशी की पेटी उघडायची नाही, तशीच जाळायची. का? कारण आत जो आजोबा आहे तो जपानी राजवटीचा हस्तक होता. देश विकून हुद्दा आणि जमीनजुमला मिळवलेला. अमेरिकेतला बंगला, गाड्या, सगळं त्या पैशावर. नातवाला हे माहीत आहे आणि कुणाला कळू नये म्हणून तो हवे तेवढे पैसे मोजायला तयार आहे. पुढे पेटी लोभापायी उघडली जातेच. भूत बाहेर पडतं आणि स्वतःच्याच मुलानातवांना मारत सुटतं. मरण्याआधी नातवाच्या तोंडून जपानी सम्राटाच्या युद्धासाठी पोरं भरती करण्याची भाषा बाहेर पडते. सिनेमातला सगळ्यात भयंकर प्रसंग माझ्या मते हाच.

आणि मग कळतं की या पेटीच्या खाली आणखी एक पेटी आहे. प्रचंड मोठी, उभी पुरलेली. तिच्यात जपानी योद्धा. कोरियाच्या भूमीला जखडून ठेवणारी मेख म्हणून एका जपानी मांत्रिकाने तो तिथे पुरलाय. आणि ती मेख कुणी उपटू नये म्हणून वर झाकण हवं होतं. झाकण कुणाचं? त्या हस्तकाच्या शवपेटीचं. उत्तम जागा आहे म्हणून त्याला फसवून तिथे पुरलं गेलं.

आता सांगा, हे दोन वेगळे सिनेमे आहेत? वरची पेटी घरच्याची, खालची परक्याची. वरची हलवल्याशिवाय खालची दिसतच नाही. जे लोक म्हणतात सिनेमा जपानद्वेष्टा आहे ते फक्त खालच्या पेटीकडे बघताहेत. जे लोक त्याच कारणासाठी टाळ्या वाजवताहेत तेही फक्त खालच्याच पेटीकडे बघताहेत. परक्यावर दात-ओठ खाणं दोन्ही बाजूंना सोयीचं आहे. पहिल्या तासाभरात दिग्दर्शकाने बोट ठेवलंय ते आपल्यातल्याच माणसावर आणि त्याच्या पैशावर जगलेल्या पिढ्यांवर, हे वादात कुठच्या कुठे वाहून गेलं.

आणि ही माझी ओढूनताणून केलेली मांडणी नाही. पात्रांची नावं बघा. बाँग-गिल हे नाव युन बाँग-गिल या क्रांतिकारकाचं. त्याने १९३२ साली शांघायमध्ये जपानी अधिकाऱ्यांवर बॉम्ब टाकला. त्याच वर्षी जपानने त्याला कानाझावा इथे मृत्युदंड दिला आणि तिथल्या दफनभूमीजवळच्या वाटेत, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायाखाली येईल असं, गुपचूप पुरलं. १९४६ साली कोरियन लोकांनी ते थडगं शोधून उकरलं आणि त्याच्या अस्थी सोलला नेल्या. ह्वा-रिम हेसुद्धा एका स्वातंत्र्यसैनिक बाईचं नाव. गाड्यांच्या नंबरप्लेटवर १९४५, ०८१५, ०३०१ असे आकडे आहेत. पंधरा ऑगस्ट १९४५ हा कोरियाच्या मुक्तीचा दिवस. एक मार्च हा १९१९ च्या मोठ्या आंदोलनाचा दिवस.

पण सगळ्यात बोलकं नाव म्हाताऱ्याचं. किम सांग-दॉक. खरे किम सांग-दॉक कोण होते? १९४८ साली नव्या दक्षिण कोरियाच्या संसदेने जपानी राजवटीला साथ देणाऱ्यांच्या चौकशीसाठी कायदा केला आणि समिती नेमली. तिचे अध्यक्ष हे किम सांग-दॉक. समितीने सहाशेहून अधिक प्रकरणं हाती घेतली. पण पोलीस खात्यात जपानी काळातलेच किती तरी अधिकारी बसलेले होते आणि समिती त्यांच्याही मागे लागली. ६ जून १९४९ ला पोलिसांनी थेट समितीच्या कार्यालयावरच धाड घातली, माणसांना मारहाण केली, कागदपत्रं नेली. त्याच वर्षी समिती गुंडाळली गेली. शेवटी एकालाही फाशी झाली नाही. किम सांग-दॉक पुढे कोरियन युद्धात उत्तरेत नेले गेले.

त्या वेळी राष्ट्राध्यक्ष कोण होते? सिंगमन री.

म्हणजे बघा, सिनेमातल्या थडगी उकरणाऱ्या म्हाताऱ्याला त्या माणसाचं नाव दिलंय ज्याला खऱ्या आयुष्यात उकरू दिलं नाही. आणि सिनेमावर पहिला दगड मारला तो सिंगमन री यांच्यावर माहितीपट काढणाऱ्याने. हे प्रकरण जपानबद्दल आहे असं अजूनही वाटतं का?

एवढं सगळं शोधून काढण्याचं काम कोरियन प्रेक्षकांनीच केलं, आणि त्यांना ते करताना भलतीच मजाही आली. कधी कधी ती मजा हाताबाहेर गेली. थडग्याचं काम झालं की सांग-दॉक जमिनीचं मोल म्हणून खड्ड्यात शंभर वॉनचं नाणं टाकतो. त्या नाण्यावर जपानी आरमाराला सोळाव्या शतकात धूळ चारणाऱ्या यी सुन-सिनचं चित्र असतं. लोक म्हणाले, काय प्रतीक वापरलंय! दिग्दर्शकाने सांगितलं की तसं काही मनात नव्हतं, दहा वॉनचं नाणं मातीच्या रंगाचं असल्यामुळे पडद्यावर दिसेना म्हणून शंभराचं घेतलं. प्रतीकं शोधायला एकदा सुरुवात केली की हे असंच होतं. मिळतील तेवढी थोडी.

यावरून एका अवघड मुद्द्याकडे येतो, तो म्हणजे लोखंडी मेखा. कोरियात पिढ्यानपिढ्या समज आहे की जपान्यांनी देशाच्या डोंगरांत लोखंडी खुंट्या ठोकून भूमीचं तेज मारलं. कोरियाचा आकार वाघासारखा, त्याच्या कण्यात खिळे ठोकले, अशी कल्पना. १९९५ साली, मुक्तीच्या पन्नासाव्या वर्षी, किम यंग-साम यांच्या सरकारने अशा खुंट्या उपटण्याची मोहीमच काढली. त्याच वर्षी पंधरा ऑगस्टला सोलमधली जपानी गव्हर्नर जनरलची इमारत पाडायला सुरुवात झाली. इमारत खरी होती. खुंट्यांचं काय? बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की त्या खुंट्या जमीन मोजणीच्या खुणा होत्या, काही तर नंतरच्या काळात इतर कामांसाठी ठोकलेल्या. जादूटोण्याचा पुरावा नाही. सिनेमातही यंग-गन म्हणतोच की या गोष्टी नव्व्याण्णव टक्के खोट्या असतात. त्यावर सांग-दॉक उरलेल्या एका टक्क्याचं विचारतो, आणि त्या एका टक्क्यावर सिनेमा उभा राहतो.

गोष्टीला तेवढं पुरतं, सरकारला पुरू नये. मला या वादात सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. जपानी राजवटीने १९१० ते १९१८ या काळात कोरियाची जमीन मोजली. कागदावर नोंद ज्याची, जमीन त्याची. वहिवाटीने कसणाऱ्या अनेकांचे हक्क त्यात गेले. नेमके किती, यावर इतिहासकारांत आजही भांडण आहे. म्हणजे डोंगरावर खुंटी ठोकणाऱ्या माणसाला बघून शेतकरी घाबरला, ते उगाच नव्हे. मोजणीवाला आला की काय होतं हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला काय सांगायचं! त्याची भीती खरी, कारण मात्र त्याने वेगळं दिलं. कागदाने जमीन घेतली, त्याला वाटलं मंत्राने घेतली. सरकार मंत्र शोधत डोंगर चढलं की कागद मागे पडतो. खुंटी उपटली की फोटो छापून येतो. कागद उपटायला गेलं की आपल्यातल्याच कुणाची तरी मालमत्ता अडचणीत येते.

कोरियाने तेही केलं, पण किती उशिरा! १९१० च्या विलीनीकरणाच्या करारावर सही करणाऱ्या ली वान-योंगच्या वंशजाने १९९७ साली कोर्टात जाऊन जमीन मिळवली. त्यावरून गदारोळ झाला. शेवटी २००५ साली हस्तकांची मालमत्ता सरकारजमा करण्याचा कायदा आला आणि २००६ ते २०१० या काळात एका आयोगाने ते काम केलं. म्हणजे किम सांग-दॉकच्या समितीनंतर जवळजवळ साठ वर्षांनी. आणि जाता जाता: याच ली वान-योंगचं थडगं १९७९ मध्ये त्याच्याच वंशजांनी उकरलं आणि अवशेष जाळले. सिनेमातलं पहिलं थडगं कुठून आलं असेल याचा अंदाज बांधायला एवढं पुरे.

आपल्याकडे याची सरळ तुलना होत नाही. इंग्रजांनी दिलेले रावबहादूर, रावसाहेब हे किताब इथल्या घराण्यांनी मिरवले, पण त्यातल्या अनेकांनी शाळा काढल्या, पाटबंधारे बांधले, समाजसुधारणेत पैसा आणि नाव पणाला लावलं. माणसं सरळ काळी-पांढरी नसतात, कोरियातलीही नसणार. 'एक्झुमा'त तो आजोबा निव्वळ काळा रंगवलाय, हे मला त्याचं उणं वाटतं. जपानी राक्षसही तसाच, निव्वळ राक्षस. भुताच्या सिनेमात ते चालून जातं, पण चालून जातं म्हणून बरोबर होत नाही.

सवय मात्र तुलना करण्यासारखी आहे. ऐतिहासिक सिनेमा लागला की आपण काय करतो? तो बघण्याआधीच कुणाचा सिनेमा आहे ते ठरवतो. शत्रू कोण दाखवलाय तेवढं विचारतो. घरचा कोण दाखवलाय, त्याला काय मिळालं, ते आज कुणाकडे आहे, हे विचारणारा प्रेक्षक आपल्याकडेही फार सापडत नाही. कोरियात एक कोटी एकोणीस लाख तिकिटं खपूनही तो थोडाच सापडला.

तेव्हा 'एक्झुमा' जरूर पाहा. चोई मिन-सिक आणि किम गो-उन यांच्यासाठी पाहा, त्या नाचाच्या प्रसंगासाठी पाहा. दोन तासांहून जास्त आहे, रात्री एकट्याने पाहायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्या भागात राक्षस समोर आला आणि हसू आलं तरी बंद करू नका. एवढंच लक्षात ठेवा की तो इतकी वर्षं सुखरूप झोपू शकला, कारण त्याच्या डोक्यावर आपल्यातलाच एकजण झोपला होता.

ज्यांनी पाहिलाय त्यांनी खाली लिहा. राक्षस आवडला की नाही यावर वाद घालू, पण पहिल्या पेटीबद्दल काय वाटलं तेही सांगा. आणि कृपा करून एकमेकांना डावे-उजवे म्हणण्याआधी सिनेमा शेवटपर्यंत बघून या.